वहिनींच्या साबणाची खरी गोष्ट

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. जिच्यासमोर सांगायला हवी होती ती माझी थोरली भावजय, कुमुदवहिनी, गेल्या महिन्यात अकोल्यात वारली. पुतण्या संजयचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत मेथी निवडत बसलो होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. रडू आलं नाही. राग आला. तेरवीच्या पंगतीत एक नातलग हसत म्हणाले, "वहिनी देवमाणूस, पण साबण म्हंजे तेजाब हो!" चार माणसं हसली. मी ताटावरून उठलो, पण तोंड उघडलं नाही. याही वेळी नाही... म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या वडिलांना बाजारचा कोणताच साबण चालत नसे. कातडी तडकायची, खाजवून रक्त यायचं. वहिनी लग्न होऊन आल्या आणि वर्षभरात त्यांनी घरीच साबण करायला घेतला. खोबरेल, थोडं सरकीचं तेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि हात भरून येईपर्यंत ढवळणं. लाकडी खोक्यात ओतायचा, दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं वड्या कापायच्या आणि दीड महिना फळीवर मुरत ठेवायच्या. मग प्रत्येक वडीवर ओलं बोट चोळून त्या ते जिभेच्या टोकाला लावत. चिमटा बसला तर ती वडी कपड्यांना, नाही बसला तर अंगाला. त्याशिवाय एकही वडी न्हाणीत जात नसे. वडिलांची कातडी त्या साबणानं शांत झाली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो आणि या परीक्षेची चेष्टा करायचो. "वहिनी, साबणानंच पोट भरत असंन तुमचं!" त्या म्हणायच्या, "तुमच्या शाळेतल्या बाटल्या तुमाले लखलाभ, भाऊजी. माही जीभ खोटं नाही बोलत."

माझी मंजू चार महिन्यांची असताना आम्ही गणपतीसाठी अकोल्याला गेलो. हरतालिकेचा दिवस होता. मंजूला न्हाऊ घालायचं होतं, नव्या वड्या मुरल्या होत्या आणि वहिनींचा उपास निर्जळी. पाण्याचा थेंबही चालणार नव्हता. त्यांनी एक वडी माझ्या हातात दिली. "आज मले तोंडाले काही लावता येत नाही, भाऊजी. तुमी लावून पाहा. चिमटा बसला तं पोरीले लावू नका." मी अंगणात गेलो, वडी हुंगली, उलटसुलट केली. शिकलेला माणूस साबण चाटणार? परत येऊन म्हणालो, "पाहिला लावून. मस्त हाय."

वहिनींनी त्याच वडीनं मंजूला न्हाऊ घातलं. लेकराची पाठ आणि मांड्या लाल झाल्या, संध्याकाळपर्यंत सालटी निघाली. त्या घाण्यात कॉस्टिक नीट मिसळलं नव्हतं. कधी कधी होतं तसं. म्हणून तर त्या जिभेला लावून पाहत. "माह्या पोरीले हात लावू नका आता!" माझी बायको वहिनींवर ओरडली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, फळीवरच्या वड्या उकिरड्यावर फेकल्या आणि भर सणाला नको ते बोलला. वहिनींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान खाली घालून मंजूच्या पाठीला खोबरेल लावत बसलो. त्याही बोलल्या नाहीत. काऊन नाही बोलल्या, वहिनी? त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला आजही संताप येतो. आणि माझ्या वाट्याचा राग मी एका मेलेल्या बाईवर काढतो आहे हे कळतं, तेव्हा स्वतःची किळस येते.

त्यांनी पुन्हा साबण केला नाही. वडील शेवटपर्यंत खाजवत राहिले. मंजू, तू हे वाचशीलच. मोठ्या आईनं, कुमुदवहिनींनी, तुला कधी कडेवर घेतलं नाही ते ती कोरडी होती म्हणून नव्हे. ते माझ्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी एकदा धीर केला होता. "वहिनी, त्या हरतालिकेले..." एवढंच निघालं. "भाऊजी, चहा थंडा होऊन राहिला," त्या म्हणाल्या. मी चहा प्यालो आणि अमरावतीची बस धरली.

तेरवीनंतर संजयनं ते लाकडी खोकं माझ्यापुढे ठेवलं. "आईनं हे काऊन जपलं असंन, काका?" आत मऊ फडक्यात एक वडी होती, एका अंगानं किंचित झिजलेली. एकदाच, मंजूसाठी वापरलेली. मी ती घरी आणली. काल बोट ओलं केलं, तिच्यावर चोळलं आणि जिभेला लावलं. काही लागलं नाही. इतक्या वर्षांत चिमटा निघून गेला. जिभेवर तेवढं ते वाक्य राहिलं आहे... वहिनी, मी लावून पाहिला नव्हता.