ठिपक्यांचं पिल्लू

धानोऱ्याकडच्या त्या गावात ढोलीतल्या, म्हणजे बांबूच्या कणगीतल्या, धानाला उंदीर लागले की माणसं गुणाबाईच्या दारी येत. ती मांजराचं पिल्लू देई, पण रंग बघून. अंगावर पांढरा, काळा आणि भगवा असे तीन रंग असले तर ती मादी, हे ती पिल्लू न उलटवता सांगे. भगवं बहुतेक वेळा बोका निघे. नवरा गेल्यापासून घरात बोलायला हीच जात उरली होती.

यंदा कापणीत बिबट्यानं सीतेला मारलं. सीता म्हणजे शेजारच्या झिंगूची सून. पेंढ्या बांधायला वाकली असताना त्यानं तिची मान धरली. झिंगू कुऱ्हाड घेऊन धावला, तेव्हा तिला नाल्यापर्यंत ओढत नेलं होतं आणि गळा उरला नव्हता. त्या दिवसापासून झिंगूच्या हातातली कुऱ्हाड सुटली नाही.

सीतेचं दहावं झालं त्या सकाळी गुणाबाईच्या ओसरीवर त्याची नजर गेली. तिच्या तिरंगी मांजरीला चार पिल्लं होती. एक काळं, दोन भगवी आणि चौथं पिवळसर, अंगभर काळ्या ठिपक्यांचं. कापणीच्या वेळी बिबट्याची पिल्लं धानात सापडतात आणि पिल्लू घरी आणलं तर त्याची आई गावात शिरते, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक. झिंगूनं आरोळी ठोकली. अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं.

"गुणाबाई, बिबट्याचं पिल्लू पोसून राह्यली तू?"

"मांजर हाय, भाऊ. माह्या तिरंगीच्या पोटचं."

"तुही तिरंगी कोणालेबी पाजते," झिंगूचा पुतण्या लालसू ओरडला. "मागं खारीचं पिल्लू पाजलं होतं का नाई? तूच सांगत फिरत होती!"

ते खरं होतं. तिनंच हसत हसत गावभर सांगितलं होतं.

तिनं पिल्लू ओच्यात घेतलं. "पाह्य ना बापा! कपाळावर मांजरीच्या रेघा हायेत, शेपटीले कडे हायेत. बिबट्याच्या अंगावर फुलं रायतात, गोल. हे त तुटलेले पट्टे—"

लालसूची काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. तिरंगी फिस्कारत लालसूच्या पायावर झेपावली. त्यानं तिला शेपटीला धरून भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटावं लागलं नाही. चुन्याची भिंत लाल झाली. ओच्यातलं पिल्लू भेदरून गुणाबाईचं पोट ओरबाडत होतं, तरी तिनं ओचा सोडला नाही.

झिंगूनं कुऱ्हाड उचलली.

"मार," ती म्हणाली. "मंग घरी जाऊन तुह्या ढोलीवरचाबी मार. याचा बाप तोच हाय."

झिंगूचा हात थांबला. त्याच्या अंगणातल्या ढोलीवर एक दांडगा ठिपकेवाला बोका बसे. सीता लग्न होऊन आली त्या वर्षी गुणाबाईनंच तिला दिलेला. सीता त्याला आपल्या ताटातला भात घाले.

"खोटं बोलते बुढी," लालसू म्हणाला. "चाला, पाहूनच घेऊ."

घोळका झिंगूच्या अंगणात शिरला. मोडका हात लोंबत असलेली गुणाबाई मागून आली आणि तिनं पिल्लू बोक्याशेजारी धरलं. त्याच रेघा, तीच कडी, पाठीवर ठिपक्यांच्या त्याच रांगा. काहींनी काठ्या खाली केल्या. पण लालसूच्या अंगातली मारायची खुमखुमी अजून गेली नव्हती.

"मंग हाबी बिबट्याचाच हाय!" म्हणत त्यानं काठी हाणली.

बोका खाली कोसळला. जबडा फुटला होता. सरपटत तो झिंगूच्या पायाशी आला आणि तिथंच पडला.

झिंगूनं कुऱ्हाड उलटी धरली आणि पात्यामागच्या बोथट तुंब्याकडून लालसूच्या तोंडावर घातली. दात मातीत पडले. "सीतेचा होता तो! सीतेचा!" तो ओरडत होता, मारत होता. चौघांनी ओढलं तेव्हा लालसूचा चेहरा ओळखू येत नव्हता.

बोका दुपारी मेला. झिंगूनं त्याला बांधावर पुरलं, सीता जिथं पेंढ्या बांधत होती तिथं. मग तो गुणाबाईच्या दारी येऊन उभा राहिला. हातात कुऱ्हाड नव्हती.

"ढोलीले उंदीर लागन," तो खाली बघत म्हणाला.

हाताला बांबूच्या कामट्या बांधून ती भिंतीला टेकली होती. ओच्यात चारही पिल्लं ओरडत होती.

"पिल्लू मांगाले आला काऊन? यायची माय मारली तुमीनं. पहिले बकरीचं दूध आन."

तो दूध घेऊन आला. तिचा हात चालत नव्हता, म्हणून कापसाची वात दुधात बुडवून त्यानंच एकेकाच्या तोंडात धरली. ठिपकेवाल्याला सगळ्यात शेवटी.