टाचणीवहिनींचा घाईचा पालक

टाचणीवहिनींनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी सकाळी बेकरीतून निघाली आणि चहाच्या वेळेपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. पुरावा म्हणून लोक त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवत होते. खिडकीत दातांच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बघून हसत होत्या. नवऱ्याचा धंदा कुणी असा खिडकीत आणून टाकतं का?

तर नवऱ्याला काढलेलं नव्हतं. तो आत स्टुलावर बसून शांतपणे एक दाढ घासत होता. काढलं होतं फक्त त्याचं सामान, कारण त्याच्या कामाच्या टेबलावर वहिनींनी फ्लॉवरच्या रोपांचे ट्रे ठेवले होते. तिथे ऊन येतं. "खरं तर यांनाच बाहेर ठेवायला हवं होतं," असं वहिनी म्हणाल्या, तेवढं मात्र खरं. पण ते त्या दर आठवड्याला म्हणतात.

वहिनी कपडे अल्टर करून देतात. नवीन शिवत नाहीत. लांब ते आखूड, सैल ते घट्ट, आणि लग्नानंतर वजन वाढलेल्यांचं घट्ट ते सैल. मशीनवर बसल्या की तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं सगळं ओठांच्या एका कोपऱ्यातून. त्यांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनींनी टाचण्या तोंडातून काढून वाटीत ठेवल्या, की समोरच्याने काहीतरी काम आठवून उठावं.

नवरा दाताच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो. गल्लीत त्याला बत्तिशी म्हणतात. अर्ध्या गावाचं चावणं त्याच्या हातात आहे, पण त्याच्या सख्ख्या आईची कवळी मात्र जेवताना टकटक वाजते. सासूबाईंनी तक्रार केली की तो म्हणतो, तुझ्या हिरड्या बदलल्या. त्याची कामाची खोली म्हणजे एक म्युझियमच. भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, आणि खाली खोक्यांमध्ये परत आलेल्या कवळ्या, म्हणजे ज्या कुणालाच बसल्या नाहीत त्या. त्यातल्या काहींचे मालक केव्हाच देवाघरी गेले. पण बत्तिशी टाकून काही देत नाही. कधीतरी कुणाला तरी बसेल, म्हणतो.

त्यामुळे खोली पुरेना. आणि घरामागे, दोन चादरी अंथराव्यात एवढा मातीचा तुकडा होता, तिथे वहिनी थंडीत भाजी लावत. बत्तिशीचा डोळा त्या तुकड्यावर. भिंत पुढे ढकलायची, वर पत्रा टाकायचा, झाली खोली. नुसता हट्ट असता तर वहिनींनी तो टाचणीने टोचून फोडला असता. पण नवऱ्याकडे मुद्दा होता. वहिनींच्या मळ्यात हल्ली काही पिकत नव्हतं.

त्यात मोठं दुखणं एकच, पालक. तो वहिनींच्या आईचा होता. लग्नानंतर आईने कापडाच्या पुरचुंडीत बी बांधून दिलं होतं, आणि दर वर्षी वहिनी त्याचंच बी धरून पुढच्या थंडीला पेरत. आई गेली, माहेरचं घर विकलं गेलं, तिथे आता गॅरेज आहे. उरला तो हा पालक. सुरुवातीच्या वर्षांत थंडीभर कापा, थंडीभर पुन्हा फुटतोय, असा होता. मग कुठे काय बिनसलं कळेना. एकदा कापला, की दुसऱ्या फुटीला पानं यायच्या आत मधून सरळसोट दांडा वर, दांड्यावर तुरा, आणि पानं कडू. वहिनींनी माती बदलली, शेणखत घातलं, राख घातली, शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी नवराबायकोत करार झाला. ही थंडी शेवटची. मळ्याने घराला थंडीभर भाजी घातली तर माती राहील, नाहीतर गवंडी येईल. पंच सासूबाई. त्यांना मऊ पालक आवडायचा, आणि मुलाच्या कवळीवर त्यांचा आधीच राग होता, म्हणजे पंच काही अगदी निःपक्षपाती नव्हता.

मग वाण निवडायला घर बसलं. तिथेच वहिनींच्या डोक्याची पहिली शीर तडकली. वहिनींना हवी होती बुटकी गाजरं, कारण त्यांच्या जमिनीत जुन्या बांधकामाचे विटांचे तुकडे, लांब मूळ सरळ जाणार कसं? बत्तिशीने आणलं लांबसडक गाजराचं पाकीट, वरचं चित्र छान होतं म्हणून. वहिनींनी सांगितलं होतं, फ्लॉवर उशिराच्या हंगामाचा आणा, आपल्याला लावायला उशीर झालाय. त्याने मुद्दाम लवकरचा आणला. उशीर झालाय तर लवकर येणारा नको का? वरकरणी मुद्दा बिनतोड. फक्त फ्लॉवरला तो कुणी समजावला नव्हता. लवकरचा वाण उशिरा लावला की रोप अंगाने वाढायच्या आतच गड्डा धरतं. वाटाणा बुटका सांगितला, तर वेलाचा आला, आणि तो चढला कपडे वाळत घालायच्या दोरीवर. गिऱ्हाइकांच्या पँटी सोडवून घेताना वहिनींना एकेक वेलाची गाठ उकलावी लागे.

हंगाम जसा चढत गेला तसतसा तमाशा रंगत गेला. गाजर उपटलं, त्याला दोन पाय. दुसरं उपटलं, त्याला तीन. वहिनींनी ते मशीनवर आडवं ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, याची पँट मला जमायची नाही. फ्लॉवर आले शर्टाच्या गुंडीएवढे. बत्तिशीने एक हातात घेऊन, रंग मात्र अगदी दातासारखा आहे, असं कौतुक केलं. त्यावर वहिनींनी टाचण्या वाटीत ठेवल्या, आणि बत्तिशीला डॉक्टरांकडे जायचं आठवलं.

आणि पालक? एकदा कापला. सासूबाईंनी दोन वेळा मिटक्या मारत खाल्ला. मग त्याने नेहमीप्रमाणे तुरे काढले. बत्तिशी नुसता टेप घेऊन मागे गेला आणि भिंतीपासून माप घेत राहिला, गुणगुणत. वहिनी मशीनवरून बघत होत्या. हरणं एक वेळ परवडतं, पण जिंकणारा गुणगुणायला लागला की सोसत नाही.

त्याच दिवशी पोस्टातून निवृत्त झालेले काका नवी पँट घेऊन आले. उंची कमी करायची होती, आणि मापाला त्यांनी एक जुनी पँट आणली होती. काकांची ही तिसरी खेप. पहिल्या दोन्ही पँटी घोट्याच्या वर गेल्या होत्या आणि काकांनी दोष वहिनींना दिला होता. वहिनींनी मापाची पँट झटकून धरली. कमरेला ताणलेली, गुडघ्याला फुगलेली, धुऊन धुऊन आटलेली.

वहिनी आधीच पालकावर चिडलेल्या होत्या, सगळा राग पँटीवर निघाला. ही तुम्हाला होते तरी का, काका? मग मापाला हीच कशी आणता दर वेळी? माणसाने बसणारी पँट आणावी की न बसणारी?

काका गोंधळले. म्हणाले, "वहिनी, बसणारी अंगात आहे ना. ती काढून कशी देणार? घरात पडून असते ती ही, नको असलेली. म्हणून हीच आणतो."

वहिनींनी मान हलवली, खडू उचलला, पँटीवर रेघ मारायला वाकल्या, आणि तशाच राहिल्या. मग खडू ठेवला. उठल्या आणि मागच्या दाराने मळ्यात गेल्या. काका बिचारे तिथेच उभे.

पालकाची सगळी रोपं काही तुऱ्यावर आलेली नव्हती. कोपऱ्यात काही अजून रुंद पानांची, बसकी, अंगात दम असलेली होती. आज संध्याकाळी कापायची म्हणून वहिनींनी सकाळीच हेरून ठेवली होती ती. आणि बी? बी दर वर्षी कुठून धरलं? जे रोप सगळ्यांत आधी दांड्यावर गेलं त्यातून. खायला तर ते गेलंच, निदान बी तरी मिळेल, वाया कशाला घालवा? चांगली ती पोटात, नको ती पुरचुंडीत. इतकी वर्षं वहिनींनी मोठ्या काटकसरीने, मोठ्या मायेने, आईच्या पालकातून घाईघाईने पळणारा पालक निवडून काढला होता. शिकवणी लावल्यासारखा.

वहिनींनी तिथेच कपाळावर हात मारला. मातीचा पंजा कपाळावर उमटला. तसाच घेऊन त्या आत आल्या आणि काकांना म्हणाल्या, तुमची अंगातली पँट काढा. काकांनी दाराकडे पाहिलं. गल्लीत नवी बातमी इथून निघाली, पण ती वेगळी.

आता वहिनींना आणखी एक थंडी हवी होती. यंदा चांगल्या रोपांचं बी धरायचं, पुढच्या वर्षी पेरायचं, मग कळणार. बत्तिशी म्हणाला, करार म्हणजे करार. सासूबाईंनी जेवता जेवता कवळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, आधी ही नीट कर, मग करारावर बोल. एक वर्ष मिळालं.

आधी आलेले सगळे तुरे वहिनींनी मुळासकट उपटले. फुलून त्यांचा पराग उडायला नको. मग तीन उत्तम रोपांना लाल दोरा बांधला आणि घराला बजावलं, की याचं पान तोडायचं नाही. खाऊ नये म्हटलेल्या पालकाएवढं चविष्ट जगात काही नसतं. घरी दुसरी भाजी शिजत असली तरी सगळ्यांची नजर त्या तिघांवर. आणि बत्तिशीच्या धंद्यात लाल खूण म्हणजे, कवळीला इथे उंचवटा आहे, घासून काढा. हाताला सवयच ती. एक दिवस तो बायकोला खूश करायला म्हणून एक जुडी घेऊन आत आला. जुडीला लाल दोरा तसाच होता.

वहिनींनी जुडीचा दोरा सोडवून मशीनवर ठेवला. टाचण्या काढल्याच नाहीत. बत्तिशी त्यालाच जास्त घाबरला. तेव्हापासून सासूबाईंची खुर्ची मळ्यात गेली. पायांवर शाल, हातात काठी, आणि मुलगा दारात दिसला की नुसतं खाकरणं. उरलेली दोन रोपं सगळ्यांच्या शेवटी तुऱ्यावर आली, तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. बी वाळलं, वहिनींनी ते आईच्या त्याच कापडात बांधलं. कापड आता जागोजागी विरलं होतं, त्याला त्यांनी आतून अस्तर लावलं.

पुढची थंडी आली. या वेळी पाकिटं वहिनींनी स्वतः आणली: बुटकी गाजरं, उशिराचा फ्लॉवर, ज्याला आधार लागत नाही असा वाटाणा. बत्तिशीला बियांच्या दुकानाच्या फुटपाथवरसुद्धा उभं राहू दिलं नाही. गाजरं एकपायी आली. पालकात अजूनही काही उतावळे निघाले, ते वहिनींनी दिसले तसे उपटून फेकले. बाकीचा कापला, पुन्हा फुटला. पुन्हा कापला, पुन्हा फुटला. आईच्या वेळचा झाला असं नाही. वहिनी म्हणतात, अजून चार थंड्या लागतील. पण सासूबाई थंडीभर पालक खात होत्या, आणि कवळीही वाजत नव्हती, कारण ती बत्तिशीला शेवटी नीट करावीच लागली होती.

थंडी सरता सरता गवंडी आला. बत्तिशीने त्याला करारातल्या हरण्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. वहिनी मशीनवर होत्या. गवंड्याने दोरी धरली, बत्तिशीने दुसरं टोक धरलं, आणि तो वहिनींना सांगायला लागला की पालक झाला हे मान्य, हरलो हेही मान्य, पण माणसाने काम करायचं कुठे? जबडे ठेवायचे कुठे? पालकाला जागा आहे आणि घरच्या मालकाला नाही, हा कुठला न्याय?

वहिनींनी एकेक करून टाचण्या काढल्या आणि वाटीत ठेवल्या. गवंड्याने दोरी सोडली.

"खोली लहान नाही तुमची," वहिनी म्हणाल्या. "ज्या कवळ्या कुणालाच बसल्या नाहीत, त्या खोकी भरभरून जपून ठेवल्यात. त्या आधी फेका, मग जागा मोजा. नको ते जपून ठेवलं की काय होतं, ते मी पालकात बघितलंय."