मे महिन्यातला आकडा

माझी आत्या शालन कांबळे मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी विक्रोळीतल्या कन्नमवार नगरच्या राहत्या घरी वारली. वय सहासष्ट. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. शेजारच्या बाईंचा फोन मला आठ वाजून वीस मिनिटांनी आला. नऊ वाजता आत्या एका चाचणीचा तिसरा आणि शेवटचा दिवस सुरू करणार होती. तिच्या नावाने वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका चुकीच्या आकड्याची दुरुस्ती त्या चाचणीवर अवलंबून होती. तो आकडा मी छापला होता.

आत्याने एकतीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात पंख्यांच्या मोटरी तपासल्या. मोटर बंद खोक्यात ठेवायची, चालू करायची, आणि तिचं तापमान चढायचं थांबेपर्यंत दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा, हे तिचं काम. मोटर किती तापली एवढ्यावर तिथे भागत नसे. आसपासची हवा किती तापलेली होती, तो आकडा शेजारच्या रकान्यात लागायचा. तो नसेल तर कागद परत यायचा. आत्याने असे कागद कित्येकदा परत पाठवले होते, एकदा तर स्वतःच्या साहेबाचा. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर बुद्धविहारातल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी करायला तिने एक डेस्कटॉप संगणक घेतला. यादी चार महिन्यांत संपली. मग तिने संगणकाचं झाकण उघडलं.

प्रोसेसर, म्हणजे संगणकातली हिशेब करणारी चिप, ठरावीक वेगाची हमी देऊन विकली जाते. बहुतेक चिपा त्याहून जास्त वेगाने चालू शकतात. वेग वाढवत नेला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की चिप तापते, आणि एका टप्प्याला तिची गणितं चुकू लागतात किंवा पडदा निळा होऊन सगळं बंद पडतं. हा टप्पा शोधण्याचा नाद जगभर अनेकांना आहे. आत्याला तो साठीनंतर लागला. घाटकोपरच्या ज्या दुकानातून तिने मोठा पंखा आणि चिपवर लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट घेतली, तिथे मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "मावशी, वॉरंटी जाईल हां. मग माझ्याकडे येऊ नका."

"नाही येत. ही चिप किती धावेल, सांगता येईल तुला?"

"ते कोण सांगणार? कंपनीपण नाही सांगत."

"मग तिलाच विचारते," आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली.

तिची पद्धत कारखान्यातलीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एक तर वेग नाही तर वीज. मग ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं चिपला सलग आठ तास सोडवायला लावायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एक उत्तर चुकलं तरी तो वेग नापास. सगळं शाळेच्या शंभर पानी वहीत. चार पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ वेगाच्या हमीची चिप तिने दीड वर्षात पाचपर्यंत नेली. पाचला आठ तास पास झाली त्या संध्याकाळी तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "पाच झाले रे."

मी तेव्हा पुरवणीच्या डेस्कवर होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या छंदांवर पान होतं, त्यात तिच्यावर तीनशे शब्द लिहिले. तिने मला बजावून सांगितलं होतं, "हा आकडा माझ्या चिपचा आहे, असं लिही. एकाच खोक्यातल्या दोन मोटरी सारख्या नसतात, चिपाही नसतात." ते वाक्य मी लिहिलं होतं. पान लावताना चार ओळी जास्त झाल्या, आणि कापताना ते गेलं. छापून आलं ते असं : या जातीची चिप आत्याने पाच गिगाहर्ट्झवर आठ तास बिनचूक चालवून दाखवली.

एप्रिलच्या मध्यावर दहिसरहून एक फोन आला. नाव परब, लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करणारे. त्यांच्याकडे त्याच जातीची चिप होती. त्यांनी बातमी वाचून वेग पाचवर नेला होता, आणि मुलुंडच्या एका लग्नाचं जवळजवळ पूर्ण झालेलं काम, फाइलसकट, गेलं होतं. "साहेब, तुमच्या पेपरात होतं म्हणून केलं मी. नायतर माझी काय हिंमत!" मी आत्याला फोन करून हे सांगितलं, तेव्हा पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जानेवारीत घेतलीय मी ती चाचणी. झाकण उघडं होतं, पेस्ट बदलली होती म्हणून. आणि खोलीचं तापमान लिहिलंच नाहीये."

एकतीस वर्षं तो रकाना रिकामा दिसला की तिने दुसऱ्यांचे कागद परत पाठवले होते. या वेळी तिने स्वतः तिथे आडवी रेघ मारली होती.

मी म्हणालो, "आत्या, चूक माझी आहे. मी ओळ कापली. उद्याच दोन ओळींची दुरुस्ती देतो."

"काय देणार? 'आकडा चुकला' एवढंच? मग बरोबर कोणता?"

"ते नाही दिलं तरी चालतं."

"तुमच्यात चालत असेल. तुझी चूक तू बघ, माझी मी बघते. बरोबर आकडा देते, मग छाप."

तिने अटी ठरवल्या. मे महिना. झाकण बंद. खोलीत एसी नाही, छतावरचा पंखा तीनवर. सलग तीन दिवस, रोज आठ तास, एकही चूक नाही. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तिला समजवायला गेले होते. "अगं ताई, एवढ्या उन्हात कशाला? पाऊस पडू दे, मग कर."

"पावसात केली तर पावसाचा आकडा येईल, भाऊ. तो माणूस उन्हात काम करतो."

तिने परब यांना घरी बोलावून पहिल्यांदा माफी मागितली आणि मग अटी वाचून दाखवल्या. ते संकोचले. "मावशी, माझी फाइल काय परत येणार नाय. तुम्ही एवढा त्रास नका घेऊ." आत्याने विचारलं, "आता कितीवर चालवताय?" ते म्हणाले, "कंपनीच्या वेगावर. हातच लावत नाय." "मग मी सांगेपर्यंत लावू नका."

पाच गिगाहर्ट्झ अकरा मिनिटांत पडलं. चार पूर्णांक नऊ दुसऱ्या तासात. चार पूर्णांक आठने पहिला दिवस काढला, दुसऱ्या दिवशी सहाव्या तासाला एक उत्तर चुकलं. आत्याने वीज थोडी वाढवून पाहिली. तापमान चढलं आणि चूक आणखी लवकर आली. वीज पुन्हा खाली आणून तिने चार पूर्णांक सात लावलं. रविवारी आठ तास, खोली तेहतीस अंश, चुका शून्य. सोमवारी आठ तास, खोली चौतीस अंश, चुका शून्य. मंगळवारच्या पानावर तिने तारीख आणि रकाने आधीच आखून ठेवले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी मी ती वही घेऊन संगणकासमोर बसलो. अटीप्रमाणे दिवस सलग हवे होते, त्यामुळे तिचे दोन दिवस धरता येत नव्हते. चार पूर्णांक सातवरच पहिल्यापासून सुरुवात करायची होती. परब यांना कळवलं. ते सकाळी साडेआठला डबा घेऊन हजर झाले. झाकणाचे स्क्रू त्यांनी स्वतः तपासले, पंखा तीनवर केला. दुपारी खोली पस्तीस अंशांवर गेली. चार वाजून सोळा मिनिटांनी, आठव्या तासात, पडद्यावर लाल ओळ आली. एक उत्तर चुकलं होतं.

परब यांनी वहीतली आत्याची रविवार-सोमवारची पानं काढली. मग म्हणाले, "साहेब, मावशींचे दोन दिवस पास झालेत. त्यांनी चार पूर्णांक सात बघितलंय, तर तेच छापा ना. कोण विचारणार आहे?"

"तुम्ही विचारलं होतं."

ते हसले. "ते खरं. मग उद्या किती?"

"चार पूर्णांक सहा."

"उद्या माझं एक काम होतं गोरेगावला," ते म्हणाले. "पुढे ढकलतो. डब्यात सुकट चालते ना?"

मी ऑफिसात आणखी तीन दिवसांची रजा टाकली. परब तिन्ही दिवस आले. दुपारी वडील येऊन बसायचे, पहिल्या दिवशी ते पंखा पाचवर करायला उठले, आणि परब यांनी "काका, नाय, नाय!" म्हणत त्यांचा हात धरला. त्यानंतर वडिलांनी दर अर्ध्या तासाला भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा मोठ्याने वाचायचं काम स्वतःकडे घेतलं. तो मी वहीत उतरवत होतो. वहीत एकाखाली एक दोन अक्षरं झाली, आत्याचं सरळ आणि माझं तिरकं.

चार पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ. झाकण बंद, पंखा तीनवर. पहिला दिवस : खोली चौतीस अंश, आठ तास, चुका शून्य. दुसरा दिवस : पस्तीस अंश, आठ तास, चुका शून्य. तिसरा दिवस : पस्तीस अंश, आठ तास, चुका शून्य. तिसऱ्या दिवशी पाच वाजता नोंदीखाली तिघांनी सह्या केल्या.

दुरुस्ती : या पुरवणीत पूर्वी छापलेला पाच गिगाहर्ट्झ हा आकडा चुकीचा होता. शालन कांबळे यांच्या चिपची मे महिन्यातली, झाकण बंद असतानाची मर्यादा चार पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ आहे. हा आकडा फक्त त्यांच्या चिपचा आहे.

परब यांच्या चिपची मर्यादा अजून ठरलेली नाही. त्यांनी शंभर पानी वही विकत आणली आहे. दहिसरला त्यांच्या घरी पहिली चाचणी गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरू झाली.