लाल पाटीवरचं नाव

ट्रामच्या डेपोत सगळं कौतुक ड्रायव्हरचं. नवी कोरी, विजेवरची, बिनआवाजाची ट्राम वळणावरून निघाली की लोक काचेआडच्या माणसाकडे बघतात, पोरं हात हलवतात. पण ती थांबते कशाच्या जोरावर, हे कोणी विचारतं का? मी सांगतो, वाळूच्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाक आणि मध्ये चेंगरलेला ओला पाला असला, की नुसता ब्रेक दाबून भागत नाही, गाडी साबणावरून गेल्यासारखी घसरते. तेव्हा सीटखालच्या पेटीतून नळीवाटे चाकापुढे मूठभर वाळू पडते आणि चाक रूळ धरतं. एवढी आकडे दाखवणारे पडदेबिडदे लावलेली गाडी, पण घोडं अडतं ते वाळूशी.

आमच्या डेपोत ही वाळू बघायची माझी मेहुणी, बायकोची थोरली बहीण. अख्खा डेपो त्यांना वाळूताई म्हणतो. मी तिथला सुपरवायझर. म्हणजे घरी त्या मोठ्या आणि कामावर मी साहेब. असलं दुखणं वैऱ्यालाही होऊ नये.

नऊ वर्षं ताई रोजंदारीवर होत्या. वाळू चाळायची, भट्टीत सुकवायची, पेट्या भरायच्या. त्यांची परीक्षा एकच: वाळूची मूठ आवळायची आणि उघडायची. झरझर गळाली तर पास, बोटांचे ठसे घेऊन तळव्यावर बसली तर परत भट्टीत. मी कितीदा म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा होते, प्रत्येक पोत्यात हात कशाला घालता? त्या हसायच्या आणि पुढच्या पोत्यात हात घालायच्या. माझा राग नाकावर, त्यांचा कुठे असतो ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या वर्षी कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावर, सही महिनाअखेर. बायको मला रोज सकाळी चहाबरोबर त्याची आठवण पाजायची. ताई एकट्या, गुडघे कुरकुरायला लागलेले. कायम झाल्या असत्या तर औषधपाणी, पेन्शन, सगळं मार्गी लागलं असतं.

नेमकी त्याच महिन्यात नवी लाइन सुरू झाली, दवाखान्याच्या उतारावरून खाली शाळेपर्यंत. दहाचं उद्घाटन. पाहुणे थांब्यावर, मोठे साहेब नव्या कोटात, डेपोत पहिली ट्राम सजून उभी. तिची पेटी आदल्या दिवशी, ताईंच्या सुट्टीत, गाडी पोचवायला आलेल्या माणसांनी भरली होती. ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर पेटी भरल्याची हिरवी खूण होती. पण पडद्याला वाळू किती ते कळतं, ओली की कोरडी ते कळत नाही.

पावणेदहाला ताईंनी त्या माणसांनी टाकलेलं एक पोतं उचललं, तळाला उरलेली वाळू मुठीत घेतली, मूठ उघडली. आणि सरळ जाऊन ट्रामच्या नाकावर लाल पाटी अडकवली. लाल पाटी म्हणजे गाडी हलवायची नाही. आमचा नियम असा, की ज्याने पाटी लावली त्याने वहीत नाव लिहायचं, आणि काढायचीही त्यानेच. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप.

मी काय काय बोललो ते विचारू नका. यादीची आठवण दिली, बायकोची शपथ घातली, मेहुणीला बोलू नयेत असे दोन शब्दही गेले. ताई पाना शोधत होत्या. पेटीचं तळाचं झाकण उघडलं, तर वाळू पडेचना. गजाने खरवडल्यावर नळीतून वाळूची कांडीच्या कांडी निघाली आणि माझ्या बुटांवर येऊन फुटली. उतारावर रात्रभर दव पडलं होतं आणि पाल्याचा थर होता, हे मला ठाऊक होतं.

कोरडी वाळू भरायला सव्वा तास गेला. मग ट्राम उतार उतरली आणि शाळेशी हवी तिथे थांबली. काही झालं नाही. काही झालं नाही हीच तर पंचाईत, न झालेला अपघात साहेबांना दाखवू कसा? ते पाहुण्यांपुढे सव्वा तास खजील होऊन उभे होते. पाटी कोणी लावली ते संध्याकाळपर्यंत लेखी द्या, म्हणाले. वाळू ओली होती हे मी सांगितलं, पण त्यांना कारण नको होतं, नाव हवं होतं.

संध्याकाळी मी वही काढली, ताईंच्या नावावर काट मारली आणि माझं लिहिलं. मी कायम झालेला माणूस, फार तर बढती लांबली असती. ताईंना बोलावून दाखवलं. वाटलं, डोळे भरून येतील. कसलं काय. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, माझं नाव खोडलं आणि खाली ठळक अक्षरांत आपलं लिहिलं.

"भावोजी, उद्या परत ओली निघाली तर मला पाटी लावायचीय," त्या म्हणाल्या. "आजची माझी नव्हती म्हटलं, तर उद्याची कोण मानेल?"

"ताई, यादीतून नाव जाईल."

"जाऊ दे. वहीतून नको."

यादीतून गेलंच. मीच तो कागद वर पाठवला, आणि घरी बायकोलाही मीच सांगितलं. एवढा अभिमान मला सख्ख्या माणसाचाही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उताराच्या ट्रामचा ड्रायव्हर गाडी सोडायचा माझ्या सहीचा कागद न्यायला माझ्याकडे आलाच नाही. सरळ ताईंकडे गेला, आणि त्या हो म्हणेपर्यंत गाडीत चढला नाही.