राजाला दम लागला

वाटूरजवळच्या आमच्या गावात जत्रेला दरवर्षी एकच जुनं संगीत नाटक व्हायचं आणि त्यातला राजाही ठरलेला, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. शेवटच्या अंकात राजा लढाईत पडायचा, पडल्यापडल्या गाणं म्हणायचा आणि मरायचा. गाणं जमलं की लोक 'वन्स मोअर' ओरडायचे. मग मेलेले दादा उठून, मुकुट सरळ करून, पुन्हा गायचे आणि पुन्हा मरायचे. एका जत्रेत ते तीनदा मेले होते. आल्यागेल्याला अजून सांगतात.

त्यांचे गुडघे गेले आणि नाटक बंद पडलं. मी मंठ्याला शाळेत चित्रकला शिकवते, कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशनही करते. त्या नाटकाचा अ‍ॅनिमेशनपट करायचं खूळ माझंच. खरं सांगायचं तर नाटकाशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. माझ्या चित्रांना दादा जन्मभर रंगरंगोटी म्हणत आले; त्यांनी एकदा बघून 'बराबर हाय' म्हणावं, एवढीच हाव होती.

आवाज त्यांचाच घेतला. घुमू नये म्हणून खोलीला गोधड्या टांगल्या. पण नारळ फोडल्याशिवाय राजा तोंड उघडेना. माइकला कुंकू लागलं, नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, आणि मी हात जोडून उभी. चिडणार तरी कुणावर?

पुढे कितीतरी महिन्यांनी पहिली प्रत दाखवली. माझा राजा छपराएवढ्या उड्या मारायचा, वीस जणांना लोळवायचा आणि लगेच गायला लागायचा. चहा निवला तरी दादांनी कपाला हात लावला नाही. मग म्हणाले, "झकास उडून राह्यला. पण ह्याला दम लागत न्हाई. मंग हा मरंल कसा?"

मला झोंबलं. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. राग आला होता तो त्यांचं बरोबर होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांनाच अंगणात खुर्चीवर बसवून काठी फिरवायला लावली, आणि छाती कशी वरखाली होते, खांदे कुठे पडतात, ते वहीत उतरवत बसले. एकेका श्वासाला ढीगभर चित्रं लागली. उड्या सगळ्या काढून टाकल्या.

जत्रेच्या दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून सिनेमा दाखवला. राजा पडला, धापा टाकत गायला आणि मेला. मागून कुणीतरी सवयीने 'वन्स मोअर' ओरडलं, मग अख्खी खोली. सिनेमात मेलेल्याला उठवायची सोय मी ठेवलीच नव्हती. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपवर गाणं मागे ओढलं, तसा राजा उठून बसला आणि खोलीत शिट्ट्या झाल्या. इतकी खूश मी कधीच झाले नसेन. पुन्हा ओरडा, पुन्हा गाणं. राजा तीनदा मेला.

लोक पुन्हा ओरडले. माझा हात लॅपटॉपकडे गेला, तो दादांनी मध्येच धरला.

"बस कर आता," ते म्हणाले. "लई दमला तो."

'बराबर हाय' ऐकायला मी थांबलेच नाही. लॅपटॉप मिटला आणि राजाला पडून राहू दिलं.