दुर्बीण आणि नेम

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६. मागितलेली किंमत तीनशे पन्नास पौंड. हजर माणसं चार: मी, माझी मुलगी, दुर्बीण विकणारा म्हातारा आणि त्याची बायको. शिवाय एक काळी कुत्री. तिला मी त्या दिवशी मोजलं नव्हतं. ती चूक होती.

मुलगी तेवीस वर्षांची, इंग्रजीत वाढलेली. आमच्या बेसिंगस्टोकपासून पंचवीस मैलांवरच्या एका इस्टेटीवर, म्हणजे मोठ्या खाजगी जंगलात, ती जानेवारीपासून मदतीला जात होती; आता तिथेच तिला वर्षभराच्या बोलीवर हरणं मारायची नोकरी लागली होती. या देशात हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. त्यांची संख्या वाढते, ती कोवळी झाडं खातात, म्हणून दर हिवाळ्यात काही माद्या माराव्या लागतात. पहिल्या नोव्हेंबरला हंगाम सुरू होणार होता. बंदूक तिनं घेतली होती. परवान्यासाठी पोलीस घरी येऊन बंदुकीच्या कपाटाचे स्क्रू हलवून पाहून गेला होता. राहिली होती बंदुकीवर बसवायची दुर्बीण. तिला परवाना लागत नाही. ज्या वस्तूला परवाना लागत नाही, तिच्या विक्रेत्याकडे मी जरा जास्त निरखून पाहतो.

"घरात कोळी दिसला तर त्यावर ग्लास उपडा घालून बागेत सोडून येता," घरून निघण्याआधी माझी बायको म्हणाली, "आणि आता हरीण मारायची दुर्बीण घ्यायला निघालात."

मुलगी हसली नाही. "बाबा, शॉट चुकला ना, तर हरीण मरत नाही. तो पळतो. दोन दिवस झाडीत मरत राहतो."

"ते हरीण. ते पळतं."

"ते मरत राहतं," तिनं दुरुस्त केलं. त्यानंतर मी व्याकरण काढलं नाही. दुर्बिणीचे पैसे मी देणार होतो, आणि तिच्यात खोट निघाली तर काय होणार हे मला आता ठाऊक होतं.

आदल्या शनिवारी मी एका दुकानात चौकशी केली होती. तिथे चोवीस पटींपर्यंत मोठं दाखवणारी कोरी दुर्बीण एकशे एकोणतीस पौंडांना होती. म्हाताऱ्याची जुनी जर्मन दुर्बीण फक्त सहा पट दाखवायची. मी भागाकार केला. दुकानात एका पटीला पाच पौंड अडतीस पेन्स पडत होते, म्हाताऱ्याकडे अठ्ठावन्न पौंड तेहतीस. हा माणूस तिचा वरिष्ठ, तीस वर्षं त्याच इस्टेटीवर हरणं मारलेला. हंगाम तोंडावर आलेला असताना असा माणूस आपली दुर्बीण का विकतो? आणि फोनवर त्यानं सांगितलं होतं, चेक बायकोच्या नावानं आणा. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला आहे. स्वतःच्या नावाचा चेक नको म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

गाडीत मी म्हणालो, "तुझ्या त्या म्हाताऱ्याचा काही नेम नाही."

तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"काही नाही." आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

म्हणजे काहीतरी होतं, आणि ते मुलीला माहीत होतं.

म्हाताऱ्याचं घर इस्टेटीच्या फाटकाजवळ होतं. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. त्यानं दुर्बीण एका लोकरी मोज्यातून काढली आणि माझ्या हातात दिली, स्वतः डोळ्याला न लावता. मी खिडकीतून समोरच्या कुंपणाकडे पाहिलं. सगळं धूसर. धुक्यात पाहावं तसं.

"काच खराब आहे," मी म्हणालो.

"काच उत्तम आहे," तो म्हणाला.

मुलीनं दुर्बीण घेतली आणि डोळ्याकडची कडी फिरवत राहिली, चांगले दीड वेढे. "आता बघा." कुंपणाच्या तारेवरचा गंज दिसला.

"ही कडी ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे लावायची असते," ती म्हणाली.

"मग इतकी बाहेर कोणी काढली होती?"

त्याच्या बायकोनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

मी भागाकार मांडला. म्हातारा मनापासून हसला. "तुम्ही चुकीच्या आकड्यानं भागताय. पुढची काच बेचाळीस मिलिमीटर. तिला सहानं भागा."

"सात."

"सात मिलिमीटरचा उजेड डोळ्यात उतरतो. संध्याकाळी तरुण डोळ्याची बाहुली तेवढीच उघडते. त्या दुकानातल्या दुर्बिणीची पुढची काच पन्नासची असते; पन्नास भागिले चोवीस करा."

दोन पूर्णांक आठ शतांश. संध्याकाळी काळोखच.

"तुमचा-माझा डोळा आता पाचच्या पुढे उघडत नाही," तो म्हणाला. "तिचा उघडतो."

भागाकार बरोबर होता. पण भागाकार बरोबर असलेले खोटे हिशेबही मी पाहिले आहेत. मी म्हणालो, गोळी झाडून पाहिल्याशिवाय चेक नाही.

इस्टेटीवर सरावासाठी मातीचा उंच बांध होता, समोर शंभर यार्डांवर. मुलीनं दुर्बीण बंदुकीवर बसवली, चार-पाच गोळ्यांत ती जुळवून घेतली आणि मग नवा कागद लावून आली. परीक्षा मी ठरवली होती. एक गोळी. मग दुर्बिणीवरचं बटण उजवीकडे वीस क्लिक. एका क्लिकला पाव इंच, म्हणजे गोळी पाच इंच सरकली पाहिजे. दुसरी गोळी. मग वीस क्लिक परत, तिसरी गोळी. तिसरी पहिलीच्या जागी पडली नाही, तर दुर्बीण आतून हललेली.

तिनं तीन गोळ्या झाडल्या. मी तिथल्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून कागदाकडे पाहिलं आणि ती म्हाताऱ्याकडे दिली.

"किती छिद्रं दिसतात?"

त्यानं ती डोळ्यांना लावली. बराच वेळ घेतला. "तीन," तो म्हणाला. "चांगली नेमबाज आहे पोरगी, नाही का?"

कागदावर छिद्रं दोनच होती. तिसरी गोळी पहिलीला इतकी चिकटून गेली होती की दोन्हींचं मिळून एक लांबट भोक झालं होतं. त्यानं तीन आवाज मोजले होते.

मला जो पुरावा हवा होता तो मिळाला, आणि तो एकाच वेळी दोन्हीकडचा होता. दुर्बीण निर्दोष होती, आणि म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं. ती डोळ्यांनीच मला 'नको' म्हणत होती. मी काही बोलणारही नव्हतो, पण म्हातारा मूर्ख नव्हता.

"दोन आहेत, हो ना?" त्यानं दुर्बीण खाली ठेवली. "आधी उजवा डोळा, आता डावाही. मधोमध डाग आहे. बंदुकीच्या दुर्बिणीची कडी फिरवत गेलो तेव्हा काही दिवस जमलं. मग फेब्रुवारीत एक मादी माझ्या गोळीनं पडली नाही, पळाली. तुमची मुलगी आणि ही कुत्री दुपारपर्यंत शोधत होत्या. सापडली तेव्हा जिवंत होती. त्यानंतर मी बंदूक उचललेली नाही. ऑफिसात गुडघे दुखतात असं सांगितलंय. महिनाअखेर निवृत्त होतो."

कुत्री त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती.

आम्ही कागद काढायला बांधाकडे चालत गेलो. मुलगी हळूच म्हणाली, "मी त्याला प्रॉमिस केला होता. तुम्ही गाडीत म्हणालात त्याचा नेम नाही, मला वाटला तुम्हाला कळलं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी आपलं बोलून गेलो होतो, या माणसाचा भरवसा नाही म्हणून. तिला मराठीतला एकच नेम ठाऊक होता, बंदुकीचा. मी संशयानं बोललो होतो; तिनं ते शब्दशः घेतलं होतं, आणि ते शब्दशः खरंही होतं.

मी पट्टीनं मोजलं. पाच इंच आणि एक अष्टमांश. तो अष्टमांश मी सोडून दिला.

घरातून निघताना मी दोनशे पंच्याहत्तरवर सौदा आणायचा असं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात परत आल्यावर म्हातारा आपण होऊन म्हणाला, "तीनशे द्या. तुम्हाला फसवल्यासारखं झालं."

"फसवलं ते काचेबद्दल नाही," मी म्हणालो. "काचेची किंमत तीनशे पन्नास."

चेक लिहून मी टेबलावर ठेवला. त्यानं तो उचलला नाही. त्याच्या बायकोनं चष्मा लावला आणि अंकातली रक्कम, अक्षरी रक्कम आणि तारीख त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. ती वाचत होती तशी त्यानं मान हलवली. मग पावती तिनंच लिहिली. मी मागितली होती; ती सवय गेली नाही.

दिले: तीनशे पन्नास पौंड, चेकनं, त्याच्या बायकोच्या नावे.