वाळल्यावर दिसणारी रेघ

महाडच्या एसटी डेपोमागे एका व्यापाऱ्याची शहाबादी फरशीची वखार होती. गिऱ्हाईक आत आलं की तो आधी फरशीवर बादलीभर पाणी ओतायचा आणि तळहाताने ती पुसत म्हणायचा, "रंग बघा, गुरुजी. चुनखडीचा दगड हाय, नातवंडं नाचली तरी हलणार नाय." ओली फरशी निळसर, एकसंध दिसायची. मला मात्र त्या पाण्याचाच संशय यायचा.

घराचं काम निघालं तेव्हा मी मुद्दाम तिथे उन्हात बसून राहिलो. तो पुन्हा पुन्हा आत चहाला बोलवत होता. हळूहळू फरशी वाळली, पण मधोमध एक काळी ओली रेघ तशीच राहिली. तिथे दगड आतून चिरला होता. पाणी मुरत गेलं की अशी फरशी एक दिवस पायाखालीच दुभंगते.

"ही तुमच्यासाठी नव्हतीच," तो शांतपणे म्हणाला.

"मग कोणासाठी?"

"वरच्या वाडीच्या समाजमंदिराला. पायऱ्यांना लावणार. तिथं कोण बघत बसतंय?"

त्या वाडीत माझी आई राहत होती. माझ्या शाळामास्तरी बोलण्यावरून मीही तिथलाच हे त्याला कळलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी वाडीतली चार माणसं घेऊन गेलो आणि आम्ही सगळे समाजमंदिराच्या फरश्यांवर पाणी ओतून त्या वाळायची वाट बघत बसलो. तो दारातून आमच्याकडे बघत होता. मग पुढे आला आणि आमच्या वाट्यातल्या चिरलेल्या फरश्या, कोणी न सांगता, एकेक करून स्वतः बाजूला काढू लागला.